आपला पत्ता बदलला आहे

तेमुकोत रात्रीचे दोन. पाळी माझी.
हीटरवर मोजे वाळत घातलेत
आणि पडद्यावर, चिलोए बेटावरून, एदुविना चिग्वाय:
"तुमचं यंत्र मला घरात घेतं आणि लगेच हाकलतं.
किटली उकळायच्या आत तीनदा."

अकरा विणकरणींची साइट, आमच्या सर्व्हरवर.
मेंढीची जाड लोकर, शालींचे फोटो जरा अंधारे.
तिला फक्त एक भाव बदलायचा होता:
अडतीस हजार पेसो खोडून बेचाळीस.
चारचा आकडा दाबेपर्यंत पाटी झळकते,
आपला पत्ता बदलला आहे, पुन्हा लॉगिन करा.
रात्री वारा कमी असतो, म्हणून ती रात्री बसलेली.

मी नेहमीचं विचारलं, जे आम्ही सगळ्यांनाच विचारतो.
कुकीज पुसल्या? पुसल्या.
दुसरा ब्राउझर? तोही झाला.
व्हीपीएन चालू आहे का?
"ते काय असतं? माझ्याकडे मांजर आहे."

मग लॉग उघडला.
नऊ मिनिटांत सात उड्या.
डोंगरावरची अँटेना हलली की राउटर सिमवर जातो,
वारा पडला की परत अँटेनावर,
आणि दर खेपेला आयपी नवा.
आमचा सर्व्हर म्हणजे
नाव-गाव-फळ-फूल खेळणारं हट्टी पोर:
नाव बरोबर, पासवर्ड बरोबर,
गाव चुकलं ना? तू बाद.

लिहिलं तिला, बाई, तुमचा पत्ता बदलत राहतोय.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
वाटलं, पुन्हा बाहेर फेकली गेली.
मग हळूहळू, एकेक ओळ:

"पत्ता तर जानेवारीतही बदलला.
समुद्र अंगणात यायला लागला होता.
घरच उचललं. खाली ओंडके, पुढे सहा जोड्या बैल,
सगळी वस्ती दोराला.
पडदे तसेच, भिंतीवरचं घड्याळ चालू.
टेकाडावर पोचायला संध्याकाळ झाली.
पोस्टमन रोकेलिन मागोमाग चढत आला
आणि त्याच दारात त्यानं विजेचं बिल दिलं.
पासवर्ड नाही विचारला."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ठाऊक होतं.
बैलांच्या मागे निघालेलं बिऱ्हाड
मी पहिल्यांदाच ऐकत होतो,
तेही तिकिटाच्या चौकटीत.

सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एक ओळ आहे:
कुकीसोबत पत्ता तपासायचा का. कडक, सैल, बंद.
आधी सैल केलं.
सैल म्हणजे गल्ली जुळली तर घराचा नंबर विचारू नये.
चार मिनिटं टिकलं. वारा आला. बाई बाहेर.
अँटेना एका कंपनीची, सिम दुसरीचं,
गल्ली सोडाच, दोघींची शीवही लागत नाही एकमेकींना.

बंद केलं. तीन वाजून सहा मिनिटं.

बंद करताना हात अडखळला, तेही सांगितलं तिला.
उद्या कुणी तुमची कुकी चोरली
तर हा सर्व्हर त्याला दारात अडवणार नाही,
तो कुठूनही येवो, इथे तो तुम्हीच असेल.
म्हणून काम झालं की लॉगआउट करा, न विसरता.
आणि आणखी एक कुलूप लावू, फोनवरच्या कोडचं.
रेंज नसली तरी चालतं.

"फोन मुलीचा आहे. ती शुक्रवारी येते."
मग शुक्रवारपर्यंत?
"शुक्रवारपर्यंत मांजर आहे."

तिकीट मिटवताना कारण निवडावं लागतं.
ग्राहकाची चूक, सर्व्हरची चूक, इतर.
मी 'इतर'वर बोट ठेवून बसलो,
मोजे अजून ओलेच.

पान ताजं करून पाहिलं. बेचाळीस हजार.
आणि भावाबरोबर तिनं फोटोही बदललाय.
शाल तीच, दांडीवर टाकलेली,
मागची खिडकीही तीच, उजव्या काचेला चीर असलेली.
जुन्या फोटोत तिच्यात काठोकाठ पाणी होतं.
आता अर्धी खिडकी गवत,
आणि खूप खाली, बोटभर, समुद्र.