कानाडोळा

फेब्रुवारी. उणे एकतीस.
फिनलंडच्या उत्तरेला गोठलेली एक नदी,
काठावर जुनी कागद गिरणी,
आणि गिरणीत आता कागदाऐवजी
सर्व्हरच्या रांगा, हिरवे दिवे, पंख्यांची घरघर.

बाहेर श्वास पापण्यांवर गोठतो
आणि आत एक नेटवर्क कार्ड उकाड्याने मेलं.
या महिन्यातलं तिसरं.

इर्मेलीने लॉग उघडला.
जोडणी आली, जोडणी गेली,
घड्याळ दोन सेकंद पुढे सरकवलं,
कुणीतरी पासवर्ड चुकवला.
उष्णतेबद्दल चकार शब्द नाही.

पण कार्डाने सांगितलं होतं.
त्याच्या पोटातल्या इवल्याशा स्मृतीत
मेल्यानंतरही नोंद शाबूत होती:
पंच्याऐंशी अंश, कळवलं.
एक्क्याण्णव, कळवलं.
सत्त्याण्णव, कळवलं.
एकशे चार.
यापुढे काही नाही.

कळवलं म्हणजे
कर्नलच्या दारावर इंटरप्टची टकटक,
हातात चिठ्ठी: घटना क्रमांक एकवीस.
ड्रायव्हरने दार उघडलं होतं, दरवेळी.
चिठ्ठी घेतली, यादीवरून बोट फिरवलं,
एक, दोन, सात, बारा...
एकवीस नव्हताच.
आणि यादीच्या तळाशी एक ओळ:
याखेरीज काही आलं तर
काही करू नये.
त्याने पोच दिली. दार लावून घेतलं.

ओळ नऊ वर्षांपूर्वीची, कुणा तोर्स्टेनची.
त्याच्या पत्त्यावर पाठवलेली मेल आता परत येते.
इर्मेली त्याच्यावर मनसोक्त चिडली,
अर्धा मग कॉफी संपेपर्यंत.
मग तिला आठवला वेइक्को,
रात्रपाळीचा पहारेकरी,
याच इमारतीत चौतीस वर्षं
वाफेच्या रुळांवर ओला कागद सुकवलेला माणूस.
जानेवारीत तो दारात उभा राहून म्हणाला होता,
"तिसऱ्या रांगेत काहीतरी तापलंय."
तिने स्क्रीनवर पाहिलं होतं. सगळं हिरवं.
"बरं, बघते," म्हणाली होती.
त्यालाही पोच मिळाली होती.

पहाटेपर्यंत तिने एकवीस लिहून काढला.
इंटरप्टच्या उंबऱ्यावर डुलकी घ्यायला बंदी असते,
तिथे रेंगाळायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही,
चिठ्ठी घ्यायची, मागच्या कामाच्या रांगेत टाकायची,
बाकीचं तिथे निवांत.
निवांत म्हणजे: कुठलं कार्ड, किती अंश, कुठला सेन्सर.
एकशे सत्तावीस आला तर विश्वास ठेवू नये,
तो ताप नव्हे, तुटलेला सेन्सर.
आणि मिनिटाला एकदाच ओरडावं,
नाहीतर लांडगा आला रे, लांडगा आला रे,
आणि लॉग भरून वाहतो, कुणी बघत नाही.
ऐंशीच्या खाली उतरल्याशिवाय
बरं वाटतंय म्हणू नये.

सगळ्या मिळून सदतीस ओळी.
ब्र्नोहून राडोवानने तपासल्या,
एक स्वल्पविराम हलवायला सांगितला,
आणि खाली सहज विचारलं:
"छान. पण हा इशारा वाचणार कोण?"

तिने उत्तर टाइप केलं. खोडलं.
पुन्हा टाइप केलं.
मग खुर्चीवरची लोकरी टोपी उचलून
जिना उतरून खाली गेली.

वेइक्को तिसऱ्या रांगेत आधीच उभा होता,
हातात स्क्रू-ड्रायव्हर, पायाशी जाळी.
जाळीवर करडा, मऊ थर.
"आपलाच कागद," तो म्हणाला,
"वरच्या तुळयांवर अजून बसलाय.
गिरणी बंद झाली, हे त्याला कुणी सांगितलं नाही."

मग त्याने हातमोजा काढला
आणि पत्र्याच्या दारावर तळवा टेकवला,
घोड्याच्या मानेवर टेकवावा तसा.
तिनेही टेकवला, शेजारी.

"मला काही कळत नाही," ती म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "हात काढू नकोस."