हक्कसोड

सकाळी नऊला एक, रात्री नऊला एक.
पट्टीतून कॅप्सूल फोडायची
आणि आपल्याच पहारेकऱ्यांना गुंगी द्यायची,
म्हणजे उजव्या जांघेच्या वर, कातडीखाली,
हसुरामची किडनी दिवसभर काम करते.

माझ्या दोन्ही काढल्या नाहीत.
त्या जागेवरच आहेत, खारकांसारख्या सुकलेल्या.
घरच्या दोघी आत निजलेल्या
आणि ओटीवरची पाहुणी सगळं घर ओढतेय.

घणसोलीत आम्ही अकरा वर्षं बोललो नव्हतो.
बापाच्या खाचरांवर सेक्टर उभे राहिले,
त्याबदल्यात साडेबारा टक्क्यांचा एक तुकडा आला.
त्यावर हसुरामला सात मजले दिसायचे
आणि मला फक्त माझं नाव.
हक्कसोडीचा कागद तीनदा घरी आला,
तीनदा कोरा परत गेला.
"भईन हाय का वैरीन," तो मासळीबाजारात म्हणाला,
मला ऐकू जाईल अशा बेतानं.

मग मशीन. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.
नवऱ्याचं रक्त जुळेना,
मुलगा देतो म्हणाला, मीच नको म्हटलं.
एका मंगळवारी लॅबच्या बाकावर
हसुराम बसलेला. बाही वर, नजर भिंतीवर.

सहापैकी तीन जुळले.
"सख्ख्या भावंडांत बरेचदा अर्धं जुळतं," लॅबमधली पोरगी म्हणाली.
मी म्हटलं, बाई, अर्ध्याचाच तर दावा आहे.

समितीसमोर कॅमेरा लावून विचारलं,
काही मोबदला ठरलाय? पैसा? जमीन?
"नाय," तो म्हणाला.
त्याच आठवड्यात ठाण्याच्या कोर्टात
आमच्या दोन नावांमध्ये 'विरुद्ध' छापलेलं होतं.

डॉक्टर मोहिले कागदावर छाती काढून सांगतात:
या हाडामागे एक शाळा असते.
आपलं कोण, परकं कोण, ते पेशींना तिथे शिकवतात.
आपल्यांवरच धावून जाणाऱ्या बहुतेकींना तिथेच संपवतात.
वय वाढतं तशी शाळा आटत जाते.
मी विचारलं, मग बावन्नाव्या वर्षी मला कोण शिकवणार?
ते हसले.
क्वचित एखादं शरीर सवयीनं शिकतं म्हणे,
गोळीशिवायही गप्प राहतं.
"पण तुम्ही प्रयोग करायचा नाही."

गणपतीत शेजारणीनं पपनस आणलं.
मला चालत नाही, गोळीशी भांडतं.
खाडीचे निवटे आता फक्त वासाने.
आणि हात कापतो. औषधाचाच गुण.
कप बशीवर वाजतो, माझं मलाच ऐकू येतं.

त्या कापऱ्या हातानेच मी कागद मागवला.
म्हटलं, आता सही करून टाकू.
हसुरामनं तो माझ्यासमोर दुमडला, चार घड्या,
आणि शर्टाच्या खिशात ठेवला.
"आता सही केलीस तं
मी किरनी इकली असा व्हईल."

मी पेनाचं टोपण लावलं.
बराच वेळ लागला, हात थरथरत होता.

म्हणून दावा चालू आहे.
तारखेला आम्ही एकाच बाकावर बसतो.
मध्ये एका माणसाची जागा,
तिथे त्याने आणलेली पाण्याची बाटली.
मला दिवसाला तीन लिटर लागतं, त्याला ठाऊक आहे.
तो बोलत नाही. ढकलतो फक्त, बोटभर, माझ्याकडे.

महिन्याच्या पाच तारखेला फोनवर त्याचा एकच मेसेज येतो:
"कवरा आला?"
मी आकडा पाठवते: एक पॉइंट एक.
तो आकडा वाचतो. दोन निळ्या खुणा.

नऊ वाजले.