वस्तू क्रमांक एकशे चौदा

पाणीपट्टीच्या टेबलावरून माझी बदली झाली
तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस.
मांडवीच्या जुन्या जकात कचेरीत
नगरपालिकेचं शहर वस्तुसंग्रहालय:
तीन खोल्या, एक पंखा
आणि खाऱ्या हवेने फुगलेलं दार,
रोज सकाळी खांद्याने उघडावं लागतं.

इथे मी पाट्या लिहिते.
पानाचा डबा, पितळी. कौलाचा साचा, मोडका.
ज्याचं काही कळत नाही त्याच्यापुढे
‘बहुधा’.
हा शब्द इतक्यांदा लागतो
की त्याचा मी रबरी शिक्काच करून घेतलाय.

एकशे चौदा म्हणजे शिशाचा लांबट गोळा,
वितीएवढा. वर भोक, तळाला खळगा.
गानू सर म्हणाले, तराजूचं माप.
मी लिहिलं: वजन, व्यापारी, बहुधा.
खळग्याबद्दल कुणी विचारलं नाही.

दर दुसऱ्या शनिवारी आमचा कार्यक्रम असतो,
‘वस्तू ओळखा’.
कागद चिकटवून येते मासळीबाजारात,
एसटी स्टँडवर, वाचनालयाच्या जिन्यात.
खुर्च्या पंचवीस, माणसं सात,
त्यातली दोन कोकम सरबतासाठी
आणि एक पंख्यासाठी.

त्या शनिवारी राजिवड्याहून लतीफ होडेकर आले,
नातीचं बोट धरून.
तिला शाळेचा प्रकल्प होता. त्यांना काहीच नव्हतं.
गानू सर पडद्यावर सतराव्या शतकात पोचलेले,
आणि म्हातारा कपाटापाशी उभा, काचेला नाक लावून.
‘ह्याला साबण नाय लावलाव?’

मला वाटलं, साफसफाईवरून बोलतायत.
म्हटलं, चाचा, हात लावायला मनाई आहे.

‘खळग्यात साबण, नायतर चरबी.
दोरीला बांधून सोडायचा खाली.
तळाला जे असेल ते चिकटून वर येतं.
रातच्याला किनारा दिसत नसला
की तांडेल वास घेऊन सांगायचा,
कुठे आलो ते.’

सर म्हणाले, सतराव्या शतकात...
‘नाय हो. माझा बाप. कालिकतच्या फेरीत.’

नोकरीच्या एकोणीस वर्षांत
अर्जाशिवाय मी एक ड्रॉवर उघडलेला नाही.
किल्ली काढली.
मोरीतला साबण आणला, पार्सलची सुतळी आणली,
आणि सात खुर्च्या रिकाम्या करून
आम्ही सगळे धक्क्यावर गेलो,
सरबताचे ग्लास हातात तसेच.

हात पसरून ते वाव मोजत होते,
नात मोठ्याने आकडे म्हणत होती.
दोन वाव, वर एक हात. सुतळी सैल पडली.
वर आला काळा चिखल,
शिंपल्यांचा चुरा,
प्लास्टिकच्या जाळ्याचा एक निळा धागा.

दूध नासलंय का बघावं
तसा त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला.
‘हितं रेती होती,’ म्हणाले.
‘पांढरी. साबणावर साखरेसारखी दिसायची.’
आणि गोळा माझ्या हातात दिला,
जणू मला काही सांगता येणार होतं.

सोमवारी पाटी बदलली.
समुद्राचा तळ पाहायचं शिसं.
सांगणार: लतीफ होडेकर, राजिवडा.
शिक्का बाजूला पडून राहिला.

नोंदवहीत एक रकाना असतो, ‘वस्तूची स्थिती’.
तिथे आम्ही लिहितो
चांगली, बरी, भग्न.
चिखल मी पुसला नव्हता.
खळग्यात बोट घालून पाहिलं
आणि लिहिलं:
ओली.