मुदत

दाभोळच्या धक्क्यावर माझं दुकान : झेरॉक्स, लॅमिनेशन,
पासपोर्टचे अर्ज, आणि पांढऱ्या पडद्यापुढे एक स्टूल.
धोपाव्याची फेरीबोट सुटायला वेळ असला
की लोक पंख्याखाली येऊन बसतात,
आणि कामाशिवाय बसलेला माणूस मत देतो.

परवा विषय निघाला लतीफ चौगुल्यांमुळे.
पाच महिने शिल्लक होते पासपोर्टात,
तरी विमानतळावरून परत पाठवलं,
सहा हवेत म्हणे.
“दहा वर्षं सांगतात नि साडेनऊ देतात.
आमचा मापाडीसुद्धा पायलीमागं एवढं मारत नव्हता.”

रोहिदास पावसे तेलाच्या जहाजावर असतो.
म्हणाला, वर्षांचं मला काय सांगता,
माझी पानंच आधी संपतात.
छत्तीस पानं, चार वर्षं,
शिक्क्यावर शिक्का, जाळ्यात खवले वाळावेत तसे.
त्याला मुदत नको, कागद हवा.

पोस्टातून निवृत्त झालेले बेहेरे
एकदाच गेलेत, मेलबर्नला, लेकीच्या बाळंतपणात,
आणि थंडीची तक्रार घेऊन परतलेत.
ते म्हणाले, जन्मभराचा द्या ना एकदाच,
माणूस काय बदलतो?
“मग दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी
जिवंत असल्याचं कशाला लिहून देता?”
कुणी विचारलं ते दिसलं नाही.
बेहेरे चष्मा पुसत राहिले.

माणूस बदलतो की नाही, ते मला विचारा.
फोटो आठ निघतात, लागतात दोन,
उरलेले न्यायला कोणी येत नाही.
माझ्या खणात अर्धं गाव पडून आहे,
कान दिसताहेत, दात नाहीत.
इथल्या खाऱ्या वाऱ्यात
पत्रा तीन पावसाळे धरतो, दाराची कडी दोन,
आणि चेहऱ्याला आपण दहा वर्षं लिहून देतो.
पाच केली तर माझं गिऱ्हाईक दुप्पट, हेही सांगून ठेवते,
म्हणजे माझं मत वजा करता येईल.

भागीरथी भुवड, वय एक्याऐंशी,
नातवाकडे मस्कतला जायची आहे.
तिचा नवाकोरा आला त्याच दिवशी.
तारीख वाचून दाखवली : एक्क्याण्णव होईल तेव्हा संपेल.
“येवढा कोण वापरील गो?
उरलेला सुनेच्या नावावर करता येतो काय?”

हसत हसत मी वहीच्या मागच्या पानावर
रेघा ओढत होते : पाच, दहा, वीस, जन्मभर.
दहाला कमी मतं पडत होती.
जे चालू आहे त्याला कोण मत देतो?

हाजरा परकार रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली होती.
दारातच उभी. मी विचारलं, तुझं काय?
“एक.”
एक वर्ष? रोहिदास हसलाच. दर वर्षाला रांगेत कोण उभं राहील?
“तोच,” ती म्हणाली.
“कुवेतात हाय की नाय, ठाऊक नाय. फोन बंद झाल्याला चार वर्षं.
त्याच्या पासपोर्टाला अजून तीन हायत.
तंवर त्याला कोण विचारणार नाय, तू कुठं असतोस.
वर्षाला संपता,
तर वर्षातनं एकदा तरी कुठल्या खिडकीशी
नाव सांगावं लागलं असतं.
आपलं, बापाचं.
शेवटच्या पानावर माझं हाय.”

पंखा फिरत होता तसाच.
फेरीचा भोंगा झाला, आणि सगळ्यांना
एकदम पिशव्या आठवल्या.
हाजराने चार रुपये मोजून ठेवले,
झेरॉक्स घडी न घालता, वाऱ्यापासून सांभाळत नेली.

वहीत ‘एक’ला रकाना नव्हता.
समासात आडवी रेघ ओढली,
ती कुठल्याच बेरजेत धरता आली नाही.

लतीफ चौगुले तेवढे मागे राहिले होते,
स्टुलावर बसून, पडद्याला पाठ लावून.
विचारलं, “दाढी ठेवू की काढून येऊ?”
म्हटलं, पुढली दहा वर्षं जशी ठेवणार असाल तशी.
ते बराच वेळ विचार करत बसले.
मी दिवा लावला.