कडता

तेहतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात तोलाई केली.
कांद्याच्या गोणीला नुसता गुडघा लावला
की किलो कळायचे.
आता सानपाड्याच्या हॉलमध्ये फरशीवर बसलोय
आणि कुमुदच्या पिठाच्या काट्यावर
दात घासायचा ब्रश ठेवतोय.
अठरा ग्रॅम.
दांडा अर्धा कापला. अकरा.

सात ग्रॅमांचा एवढा आनंद!
टनांनी कधी दिला नाही.

उरणमार्गे करंजा, तिथून सायकलसकट लाँचने रेवस,
मग किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड,
गुडघे काय म्हणतात बघून पुढे दिघी.
चार दिवस, तीन पिशव्या. कॅरियर नाही.
हमालांकडून एवढं शिकलो होतो
की अंगाला चिकटलेलं ओझं निमूट चालतं,
लोंबणारं भांडत येतं.

सीटमागची पिशवी भाचीने पाठवली,
किंमत विचारली तर म्हणाली, मामा, पावती फाटली.
हँडलची म्हणजे जुनी चटई, दोन पट्टे आणि थोडा आगाऊपणा.
मधली मात्र याकूबभाईंनी शिवली.
नाक्यावर रिक्षांची हुडं शिवतात ते.
फ्रेमच्या मापाचा पुठ्ठा कापून नेला होता,
त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.
"याच्यात सामोसा ठेवणार का?"
पण टाके असे घातले
की पिशवी फाटण्याआधी सायकल फाटेल.
आतल्या बाजूला एक चोरकप्पाही,
न सांगता, न विचारता, काडेपेटीएवढा.
कशाला, विचारलं.
"असू दे. माणूस काहीतरी लपवतोच."

पहाटे पाम बीचवर भरून चालवून पाहिली.
सीटची पिशवी कुत्र्याच्या शेपटीसारखी हलत होती,
उजवा गुडघा सामोशावर घासत होता,
आणि नेरूळच्या सिग्नलला एक चकचकीत पोरगा
माझी चटई पाहून म्हणाला, अंकल, योगा?

घरी येऊन सगळं पुन्हा जमिनीवर.
ट्यूबा, पंप, पान्हे: खाली, मध्ये, पायांजवळ.
कपडे मागे, गच्च गुंडाळून, हवा दाबून काढून.
रात्री लागणारं आधी आत,
पावसाळी जाकीट सगळ्यांत वर.
ट्रक भरतानाही हेच करायचे,
मी तेव्हा काट्याशी उभा असायचो,
पाहायचो, पण बघत नव्हतो.

मग कडता कापायला घेतला.
टॉवेल गेला, पंचा आला.
दुसरी पँट गेली.
चष्म्याचं घर गेलं, चष्मा मोज्यात.
बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीतून
कात्रीने नेमक्या चार,
थांबलो, मग एक जास्तीची.
शेतकऱ्याच्या गोणीतून किलोभर कापताना
हात असा कधी अडला नव्हता.
मार्केटचा रिवाज होता, मी केला नव्हता,
मीही त्याला नाही म्हटलं नव्हतं.
ते आता कुठल्या पिशवीत घालू?
चोरकप्पा तसा लहानच आहे.

कुमुदने लसणाच्या चटणीचा डबा आणून ठेवला.
एकशे ऐंशी ग्रॅम. मी बाहेर काढला.
तिने आत ठेवला. मी बाहेर काढला.
"रस्त्यात खाणावळी आहेत," मी म्हणालो.
"आहेत ना," ती म्हणाली, आणि डबा घेऊन आत गेली.
एवढ्या सहज ती कधी हरत नाही,
हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

एकूण सहा किलो दोनशे.
भाची फोनवर म्हणते, आणि तू किती?
चौऱ्याऐंशी.
"मग ब्रश कशाला कापलास रे?"

साडेचारचा गजर.
आमच्या लिफ्टमध्ये सायकल आडवी मावत नाही,
मागच्या चाकावर उभी करावी लागते, घोड्यासारखी,
आणि पिशव्यांत रात्रभर बसवलेलं सगळं
एकदम आपली जागा सोडतं.
सहाव्या मजल्यापासून खाली येताना
कपड्यांच्या पार तळातून, खुळ्ळ.
पाचव्याला पुन्हा.
स्टीलचा डबा, झाकण जरासं सैल.

वॉचमन गाडेकर गेट उघडता उघडता म्हणाला,
काका, काहीतरी वाजतंय.
वाजू दे, म्हटलं.