आत चोवीस अंश

बार्काल्डिनला पोचले तेव्हा सकाळचे आठ
आणि कॅम्परच्या पत्र्याला हात लावला तर आत्ताच कोमट.
दहा वाजता क्लेमला पुरायचं होतं.
चर्चमध्ये कुत्री चालत नाहीत.
क्लेमला विचारलं असतं तर म्हणाला असता,
मला बाहेर ठेवा, त्यांना आत घ्या.

गाडी निलगिरीच्या सावलीत लावली,
मग आठवलं, सावलीला पाय असतात.
आठची सावली अकराला शेजाऱ्याची होते.
म्हणून काचांना चंदेरी पडदे,
छताची झडप चार बोटं उघडी,
पार्काच्या विजेवर एसी, तेविसावर.
पाण्याची भांडी दोन, एक कोपऱ्यात बांधून,
कारण टिन पाणी पिते कमी, ढकलते जास्त.
गळ्यातले पट्टे काढले.
(ओळखीच्या एका बाईचा कुत्रा कपाटाच्या मुठीला अडकला होता.
ती त्यावर याहून जास्त बोलत नाही.)
शेगडीची बटणं उपसून खिशात टाकली.
रेडिओवर क्रिकेट लावलं, हळू,
म्हाताऱ्या मॉर्गनला माणसांचा आवाज लागतो,
कोण जिंकतंय याचं त्याला काही नसतं.
दारावर चिठ्ठी: कुत्री आत आहेत, एसी चालू आहे, माझा नंबर.
आणि दुसरी किल्ली शेजारच्या तंबूतल्या ऑब्रीकडे,
ज्याची माझी ओळख वीस मिनिटांची.

चर्चमध्ये फोन प्रार्थनेच्या पुस्तकात उघडा ठेवला.
आत तेवीस.
पाद्री क्लेमच्या धीराबद्दल बोलला. तेवीस.
पुतण्या मासेमारीबद्दल. चोवीस.
रुमाल काढायला गेले तर हाताशी शेगडीचं बटण आलं.
सव्वीस.
दार उघडलं असेल कुणी, म्हटलं.
एकोणतीस.
उठले.
सगळ्यांना वाटलं, हिला रडू आवरेना.
गुडघे बाजूला करून त्यांनी मला वाट दिली,
एकीनं तर पाठीवर हात फिरवला.

चार गल्ल्या. काळे बूट, टाच एक इंच, तरी पळाले.

अख्ख्या पार्काची वीज गेली होती.
ऑब्रीच्या कनातीखाली दोघं बसलेली,
टिन टबात चारही पायांनी उभी,
मॉर्गन ऑब्रीच्या चपलेवर हनुवटी टेकून.
अहो, मी चार वेळा फोन लावला, तो म्हणाला,
टाउन्सव्हिलची कुणीतरी बाई उचलते.
माझ्या हाताचा सात एकासारखा दिसतो,
हे आईनं मला शाळेत असताना सांगितलेलं.
त्या बाईनं शेवटी विचारलं म्हणे, कुत्री बरी आहेत ना?

परत जायला वेळ होता.
दफनभूमी दहा मिनिटांवर, गाड्या अजून निघायच्या होत्या.
गेले नाही.
कारण विचाराल तर माझ्याकडे चांगलं कारण नाही.
टबाशेजारी बसले आणि पायातले बूट काढले.

संध्याकाळी जमीन निवाल्यावर
दोघांना घेऊन क्लेमकडे गेले.
ताज्या मातीला हात लावून बघितला.
सकाळच्या पत्र्यासारखीच कोमट.
मॉर्गननं कडेनं एक फेरी मारली, मग आडवा झाला.
क्लेमनं ओपलच्या खाणीत एकोणीस वर्षं काढली.
वर पाखरं झाडावरून पडायची उन्हानं,
आणि तो सांगायचा, खाली ये गं कधी,
खाली बारा महिने चोवीस अंश.
मी एकदाही गेले नाही, मला कोंडल्यासारखं होतं.

खिशात फोन थरथरला.
कॅम्परच्या आत चौतीस.
आत कुणी नव्हतं.
तरीही मी थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले,
मग फोन पालथा करून मातीवर ठेवला.