खिडकीकडची बाजू

तीन दिवस पाणी लावायचं नाही,
क्लिप नाही, रबर नाही,
कानामागे बटसुद्धा सारायची नाही,
मी सांगत होते नेहमीसारखं, पाढा म्हणावा तसं.
खैरनारबाई आरशातून माझ्याकडे बघत होत्या.
"आणि अंबाडा?"
अंबाडा तर नाहीच.
"मग रजा टाकते," म्हणाल्या,
"केस मोकळे सोडून तिकीट देणारी कंडक्टर
पाहिलीयेस का कधी?"

फरकाचे पैसे आले होते त्यांना.
एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा
कॉलेज रोडच्या या काचेच्या दारातून आत आल्या,
चपला बाहेर काढून.

चार तास लागले.
बटेमागून बट, एकशे ऐंशीवर,
वाफ, तो गोडसर जळका वास,
आणि स्ट्रेटनरमधून सुटणारा केस
ओढलेल्या तारेसारखा.

मी तांबट आळीतली.
आच म्हणजे काय, ते मला
पार्लरच्या कोर्समध्ये नाही शिकवलं कुणी.
बाबा हंडा लाल होईपर्यंत तापवायचे,
पाण्यात बुडवायचे, चर्र,
आणि ठोकून ठोकून हट्टाला पेटलेलं तांबं
पुन्हा ऐकायला लागायचं.
पुन्हा घाव, पुन्हा ताठ.
पुन्हा भट्टी, पुन्हा मऊ.
"धातूला कितीदाही माफी असते," म्हणायचे.

केसाला नसते.
केस एकदा ऐकतो.
पुन्हा तापवलात तर काही बोलत नाही,
तिसऱ्या आठवड्यात टोकाशी एकाचा दोन होतो.

म्हणून सगळं सांगितलं मी.
ड्रायर फक्त गार हवेवर.
घरचा स्ट्रेटनर कपाटात ("आहे कुठे तो?" त्या म्हणाल्या).
डोक्यावरून कढत पाणी नको, बंबातलं तर नकोच.
सीरम दोन थेंब, मुळांना नाही, खाली.
उन्हात निघताना सॅटिनचा स्कार्फ, हा घ्या, माझा न्या.
"आणि सव्वाबाराची कळवण गाडी?"
मी म्हटलं, खिडकी लावून घ्या.
त्या एवढ्या हसल्या
की शेजारच्या खुर्चीतली फेशियलवाली
डोळ्यांवरच्या काकड्या धरून उठून बसली.

एप्रिल संपता संपता पुन्हा आल्या.
या वेळी चपला घालूनच.
उजवी बाजू अजून हातातून निसटत होती.
डावी, खिडकीकडची,
दिंडोरी, वणी, नांदुरी,
रोज उतरतं ऊन प्यायलेली,
खराट्यासारखी लागली बोटांना.
स्कार्फ?
"होता ना. घाटात एका पोरीला उलटी झाली,
तिच्या आईला दिला पुसायला."

मी बोलायला लागले. स्पा. मास्क.
पुन्हा एकदा हलका हात फिरवू, सवलत देते.
माझाच आवाज मला
रस्त्यावर कल्हई लावा म्हणत फिरणाऱ्यासारखा वाटला.
त्यांनी हात वर केला,
घंटीची दोरी ओढतात तसा.

"काप," म्हणाल्या.
"माझं माहेर वणीचं. या दिवसांत बागा खरडतात तिकडे,
पार ओलांड्यापर्यंत.
मांडवावर नुसती लाकडं उरतात, वर हे ऊन.
छाटणीला कुणी रडत बसतं का?"

चार बोटं ठरली होती. पाच गेली.
त्यांनी मान झटकली,
आरशात नाही, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं,
सुट्टे पैसे मोजून माझ्या तळहातावर ठेवले
आणि डावा कान पहिल्यांदाच उन्हाला दाखवत
रस्ता ओलांडून गेल्या.

मी झाडू घेतला.
फरशीवर पडलेली टोकं,
रापलेली, फाटलेली,
अजून सरळच होती.